आभासी हात आपला कधी वाटतो? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

व्हीआर (आभासी वास्तव) दाखवणाऱ्या, डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये दिसणारे शरीर आपले का वाटते, याविषयी एकाच प्रकारचा गोंधळ मांडणारी पत्रे सातत्याने येत असल्याने काहींना येथे एकत्र उत्तरे देत आहे.

प्रश्न : अवतार (आभासी जगातले माझे शरीर) हुबेहूब माझ्यासारखा दिसावा म्हणून विक्रेता चेहऱ्याच्या स्कॅनिंगचे वेगळे पैसे मागतो. द्यावेत का?

उत्तर : अवताराचे शरीर आपले वाटावे, एवढ्यासाठी तरी देऊ नयेत. त्यासाठी हालचालींचा मेळ अधिक महत्त्वाचा, हे पुढच्या उत्तरात दिसेल.

प्रश्न : खेळताना आभासी हात कधी माझाच वाटतो, कधी परका. असे का?

उत्तर : १९९८ मध्ये बॉटविनिक आणि कोहेन यांनी माणसाचा हात आडोशाला ठेवून त्याच्यासमोर रबरी हात मांडला व दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवला, तेव्हा स्पर्श रबरी हातावरच होत असल्याचा आणि तो हात आपलाच असल्याचा भास झाला. २०१० मध्ये बार्सिलोनाच्या संशोधकांनी दाखवले की स्पर्श नसला, तरी आपल्या बोटांबरोबर आभासी बोटे हलली की तसाच भास होतो. रबरी हाताच्या प्रयोगांत दिसणे आणि जाणवणे यांत सुमारे ३०० मिलिसेकंदांहून अधिक अंतर पडले की हा भास ओसरतो. म्हणून आधी ट्रॅकिंग, म्हणजे यंत्र आपली हालचाल वेळेवर टिपते का, ते तपासावे.

प्रश्न : पक्षाघातामुळे वडिलांचा डावा हात दोन महिने हलत नाही. व्हीआरमध्ये हात हलताना पाहून मेंदू पुन्हा शिकतो, असे सांगून एका केंद्राने पॅकेज सुचवले आहे. तोवर फिजिओथेरपी थांबवावी का?

उत्तर : मुळीच थांबवू नये, सुरुवातीचे महिने पुन्हा मिळत नाहीत. पडद्यावरचा हात कोणाच्या प्रयत्नाने हलतो, हे आधी त्या केंद्राला विचारावे. ‘हा हात माझा’ आणि ‘तो मी हलवला’ या दोन वेगळ्या जाणिवा आहेत. आपले बोट दुसऱ्याने उचलले तर पहिली टिकू शकते, दुसरी टिकत नाही. हेडसेट स्वतः घालून मूठ अर्धवट मिटून थांबावे. पडद्यावरची मूठ पुरती मिटली, तर ती आधीच भरून ठेवलेली फिल्म असू शकते किंवा यंत्र हालचाल वाढवून दाखवत असेल; नेमके काय, ते केंद्राला विचारावे. फिल्मलाच ‘रुग्णाची हालचाल’ म्हणून पैसे घेणे ही फसवणूक आहे. निरोगी हाताचे प्रतिबिंब दुबळ्या हाताच्या जागी दाखवणारा आरसा-उपचार नेहमीच्या व्यायामाला जोड म्हणून उपयोगी ठरू शकतो, पण त्यासाठी साधा आरसाही चालतो. मात्र तोही फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा. वडील ‘हा हात माझा नाहीच’ असे म्हणत असतील किंवा ताटातले डाव्या बाजूचे अन्न तसेच ठेवून उठत असतील, तर हेडसेटचा विचार बाजूला ठेवून आजच न्यूरोलॉजिस्टना कळवावे.

प्रश्न : लहान मुलाचा अवतार घेतल्याने माणसाचा स्वभाव कायमचा पालटतो म्हणे?

उत्तर : ही ऐकीव गोष्ट आहे. २०१३ च्या प्रयोगात चार वर्षांच्या मुलाचे शरीर मिळालेल्या प्रौढांना वस्तू प्रत्यक्षाहून मोठ्या वाटल्या, त्याच उंचीच्या प्रौढ शरीरात वाटल्या त्याहूनही मोठ्या. अवताराच्या हालचाली त्यांच्याशी जुळेनाशा केल्यावर हा फरक उरला नाही. कायमच्या बदलाचा पुरावा त्यात नाही.

प्रश्न : मुलीला फिट्स येतात. हेडसेट द्यावा का?

उत्तर : तिच्या न्यूरोलॉजिस्टनी तपासून परवानगी दिल्याशिवाय देऊ नये.