किल्ली हातात आहे तोवर

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. घर विकायचं ठरलं ते बरंच झालं. आईनं एकटीनं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये राहायचं आणि तू पुण्याकडे वाकडला बसून तिच्या गुडघ्यांची काळजी करायची, यात काही अर्थ नव्हता. त्यामुळे विकावं की नाही यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. माझी हरकत त्याच्या पुढच्या मजकुराला आहे. एजंट म्हणतो देवघर झाका, शिवणाचं मशीन बाल्कनीत ढकला, बाथरूमबाहेरच्या भिंतीवर पुट्टी मारून घ्या. आणि गिऱ्हाईक तो पाडव्याच्या सकाळी आणणार, कारण तेव्हा अख्खी बिल्डिंग स्वागतयात्रेला गेलेली असते, जिन्यात कुणी भेटत नाही. एवढं सांगून तू मला विचारतेस, "काकू, एवढं केलं की घर तयार झालं ना?"

नाही झालं. आणि ज्याला जिन्यात कुणी भेटायला नको आहे, त्या एजंटाचा नंबर आधी बाजूला ठेव.

किल्ली हातात आहे तोवर ते तुमचं राहतं घर आहे. राहतं घर राहत्या घरासारखंच ठेवायचं, तसंच दाखवायचं आणि त्यात तसंच राहायचं. हेच मी या पत्रात पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

डोंबिवलीतल्या जुन्या बिल्डिंगमध्ये घर घ्यायला येणारा माणूस काय बघायला येतो, याचा विचार केलास का? चकचकीत भिंती त्याला पलीकडे खाडीच्या दिशेला उठलेल्या टॉवरांमध्ये हव्या तेवढ्या मिळतात. तो आपल्याकडे येतो तो स्टेशन चालत गाठता येतं म्हणून, आणि बायको-मुलं एकटी असली तरी शेजार आहे म्हणून. त्याचे प्रश्न ठरलेले असतात. पाणी किती वाजता येतं, किती वेळ येतं, पंप कोण लावतं, कमिटीत मारामाऱ्या आहेत का, मेंटेनन्स किती, रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय. यातल्या एकाचंही उत्तर पुट्टीत नाही. ती उत्तरं तळमजल्यावरच्या आजोबांकडे आहेत, आणि नेमकं त्यांनाच तुझ्या एजंटानं टाळायचं ठरवलंय. अगं, घेणारा काही वेडा नसतो. टोकन द्यायच्या आधी तो एकदा गुपचूप येऊन खालच्या इस्त्रीवाल्याकडे चौकशी करून जातोच. मी इतकी वर्षं आपल्या सोसायटीची सेक्रेटरी होते, इस्त्रीवाला मला येऊन सांगायचा.

रिडेव्हलपमेंटबद्दल विचारलं तर जेवढं झालंय तेवढंच सांग. "पुढच्या वर्षी होतंय" असं म्हणायची सगळ्यांना सवय लागली आहे. 2019 च्या सरकारी नियमांनुसार त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा लागते आणि किमान 51 टक्के सभासदांची संमती लागते. आपल्याकडे अजून सभेची तारीखही लागलेली नाही. बिल्डिंग तीस वर्षांच्या पुढची आहे, म्हणजे सोसायटीच्या उपविधींप्रमाणे दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, हवी. मागचा अहवाल कमिटीकडून मागून घे आणि टेबलावर ठेव. विचारायच्या आधी कागद पुढे केला की माणूस निम्मा निश्चिंत होतो.

आता ती भिंत. मला ती चांगली माहीत आहे. गिझरच्या खाली, दाराच्या चौकटीपासून हातभर लांब, पिवळसर नकाशा उमटलाय, मधोमध रंगाचा फुगा आलाय, आणि बोटानं दाबला की आतून पांढरी भुकटी पडते. ती भुकटी म्हणजे ओलीबरोबर बाहेर येणारे क्षार. वर पुट्टी आणि दोन हात रंग मारलास तर एप्रिल-मे झकास दिसेल, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पोपडे सुटतील. तोवर तू पैसे घेऊन वाकडला. मग नवीन बाई दार वाजवणार ती खालच्या काकूंचं, कारण त्यांच्या छतालाही तोच डाग आहे. म्हणजे तुझ्या रंगाची किंमत त्या मोजणार. त्यापेक्षा प्लंबर बोलाव. नहाणी ट्रॅप, म्हणजे बाथरूमचं पाणी जायचं जाळीखालचं भांडं, आणि फरशांचे सांधे बघायला सांग, गळती तिथेच असते बहुतेक. सांधे भरून झाले की भिंत खरवडून उघडी टाक. मार्चच्या उन्हात ती वाळेल तेवढी वाळू दे, आणि गिऱ्हाईक आलं तर उघडीच दाखव: "इथे ओल होती, हे काम केलं, हे बिल." बाकी रंगाच्या फंदात पडू नकोस. नवा माणूस टाइल्सपासून सगळं फोडणार आहे, तुझा फिकट राखाडी रंग त्याला काय करायचाय? नळ गळत असतील ते बदल, माळा रिकामा कर, बंद पडलेले दिवे लाव, खिडक्या पूस. संपलं.

माळ्यावरून बाबांच्या फायली निघतील. रद्दीत घालायच्या आधी त्यातला एकेक कागद बघ, कारण खरं घर त्या फायलींत आहे. बिल्डरबरोबरचा मूळ करार, त्याच्या पावत्या, नोंदणीची पावती, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, शेअर सर्टिफिकेट. हे एका पिशवीत कर. आणि इथे मला तुझ्यावर थोडं रागवायचंय. तू लिहितेस, "आई नॉमिनी आहे, त्यामुळे प्रश्न नाही." प्रश्न आहे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही, आजी त्यांच्या आधीच गेल्या होत्या, म्हणजे आई, तू आणि तुझा भाऊ असे तिघं सारख्या हिश्शाचे वारस. भाऊ कॅनडात. त्यानं इथे येऊन हक्कसोड पत्र नोंदवावं, नाहीतर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून त्याच कामाचं मुखत्यारपत्र पाठवावं. ते इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, हे विसरायचं नाही. हे आधीच उरकून घे. कारण परदेशात राहणारा माणूस विकणाऱ्यांत राहिला, तर 50 लाख आणि त्यावरच्या व्यवहारात घेणारा इथल्या माणसाचा कापतो तसा 1 टक्का टीडीएस, म्हणजे किमतीतून आधीच कापायचा आयकर, कापून मोकळा होत नाही. त्याला वेगळा आणि जड हिशेब करावा लागतो, आणि अशा वेळी चांगलं गिऱ्हाईक घाबरून पळतं. लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्याला आधीच गिऱ्हाईक बेताचं.

सोसायटीचं म्हणशील तर हस्तांतरणाची पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. ट्रान्सफर प्रीमियम, म्हणजे हस्तांतरणासाठी सोसायटी घेते ती रक्कम, महापालिका हद्दीत जास्तीत जास्त 25 हजार, हे 2001 पासून ठरलेलं आहे. "बिल्डिंग फंडाला काहीतरी द्या" असं कुणी म्हणालं तर माझं नाव सांग. बाबांच्या नावावरून वारसांच्या नावावर करताना तर प्रीमियम लागतच नाही. कर, लाइट बिल, मेंटेनन्स, सगळं आजच्या तारखेपर्यंत भरलेलं असू दे.

हे झालं कागदाचं. आता जे लिहायला बसले ते.

माझ्या आईबाबांचं ठाण्यातलं घर आम्ही भावंडांनी विकलं तेव्हा वरच्या गच्चीतून गळती होती. पावसाळ्यात आतल्या खोलीत बादली ठेवावी लागे. गिऱ्हाईक आलं ते डिसेंबरात, भिंती कोरड्या ठणठणीत. माझा भाऊ म्हणाला, गप्प बस. मी सांगितलं. बादली कुठे ठेवायचो ती जागासुद्धा दाखवली. त्यांनी दोन लाख कमी केले आणि त्याच किमतीला घर गेलं. भाऊ आजही प्रत्येक लग्नकार्यात मला "दोन लाखवाली" म्हणतो, आणि सगळे हसतात. हसू देत. मी मूर्ख नव्हते. व्यवहार मला त्याच्याएवढाच कळतो, बँकेत आयुष्य गेलंय माझं. त्या बिल्डिंगमध्ये आईच्या भजनी मंडळातल्या दोघी अजून आहेत. मी गेले की जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि ज्यांनी घर घेतलं ती माणसं वरून हाक मारतात. भाऊ त्या गल्लीतून जाताना रिक्षाचा पडदा ओढून घेतो का, ते मी त्याला कधी विचारलं नाही. दोन लाखांचं व्याज मोजणाऱ्यानं हेही कुठेतरी मांडावं. बरं, पण मी तुला माझी बाजू पटवायला बसलेले नाही. बसले असेन तर असेन.

मला रुखरुख आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. ते ठाण्याचं घर बाजारात आलं आणि माझ्या आईचे गुरुवार गेले. भजन तिच्याकडे असायचं, पेटी तिची, टाळ पलंगाखाली ठेवलेले. गिऱ्हाइकं संध्याकाळी येतात म्हणून भजन समोरच्यांकडे हलवलं, मग पेटी नको म्हणून तीही दिली, आणि मग आई म्हणायला लागली, "आता कशाला जाऊ, आपण निघणारच." व्यवहाराला अख्खं वर्ष लागलं. त्या वर्षात ती ना धड इथली होती ना तिथली, सोफ्याच्या टोकाला पाहुण्यासारखी बसायची. पैसे आले, नवं घर झालं, सगळं झालं, पण तिचं ते वर्ष कुणी परत दिलं नाही.

आणि आता तुझी आईही तेच वाक्य बोलतेय. परवा भाजीवाल्यापाशी भेटली. म्हणाली, यंदा कडुनिंबाची चटणी मी करणार नाही, दुसऱ्या कुणाला सांगा, आम्ही जाणारच. बावीस बिऱ्हाडांना पाडव्याला तिच्या हातची चटणी मिळते. कोवळी पानं, गूळ, ओवा, हिंग, किंचित चिंच, चमचाभरच, पण सगळ्यांना. ती कोण करणार दुसरं? मी? माझी कडू होते.

स्वागतयात्रा 1999 साली आपल्या डोंबिवलीतून सुरू झाली, गणेश मंदिर संस्थानानं केली, आणि मग ठाणं, गिरगाव, कुठे कुठे गेली. तू तिच्याबरोबरच वाढलीस, पण तू यात्रा बघितलीस ती बहुतेक खिडकीतून. बारावी, मग इंजिनिअरिंग, मग गर्दीची लोकल, मग वाकड. तुझ्या पिढीला दोष देत नाही. डोंबिवलीकराचं अर्धं आयुष्य प्लॅटफॉर्मवरच जातं. पण आता घर विकेपर्यंत शुक्रवारी रात्री येतेसच ना? मग घर दाखवायला आल्यासारखी येऊ नकोस. पाडव्याला पहाटे उठ, आईला नऊवारी नेसव, तिला जमत नसेल तर फडके रोडवर सावलीत खुर्ची टाक, मी बघते जागा कुठे मिळते ते. ढोल-ताशा येईल, लेझीम येईल, बुलेटवरून फेटेवाल्या बायका जातील, आणि त्यातल्या निम्म्या तुला ओळखून हात करतील. शनिवारी संध्याकाळी गच्चीवर ये, आम्ही सगळ्या असतो. सावित्रीबाई फुले कलामंदिरात नाटक लागलं तर तिकिटं काढ, तीन काढ. "आता जाणारच आहोत" हे कारण मला चालणार नाही, कारण आपण सगळेच कुठे ना कुठे जाणार आहोत आणि तरी रोज दूध घेतो.

किल्ली हातात आहे तोवर राहा. तुला वाटतं हा भावनेचा भाग झाला आणि विक्रीचा भाग वेगळा. वेगळा नाही गं. झाकलेलं देवघर, ढकललेलं मशीन, रिकामा जिना, हे बघून घेणाऱ्याला एकच वाटतं: इथे काहीतरी लपवलंय, माणसं पळून चालली आहेत. मग तो भाव पाडतो. उलट आई मशीनवर बसलेली असते, गॅसवर चहा असतो, दार अर्धं उघडं असतं आणि समोरच्या काकू डोकावून "कोण आलंय?" विचारतात, तेव्हा त्याच्या बायकोच्या मनात घर भरतं. निर्णय बहुतेक तीच करते. चार पैसे जास्त येतील असं वचन मी देत नाही. कदाचित थोडे कमीही येतील, ओलीमुळे. आले तर येऊ देत. तुला "दोन लाखवाली" म्हणणारं कुणी भेटलं तर माझ्याकडे पाठव.

तर पाडव्याच्या सकाळी दार बंद, घराला कुलूप, सगळे यात्रेला. एजंटाला सांग, त्यानंतरच्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता. तेव्हा पाणी आलेलं असतं, मुलं खाली खेळत असतात आणि आजोबा बाकावर असतात. गिऱ्हाईकाला त्यांच्यापाशी तू स्वतः घेऊन जा. त्यांना ऐकू कमी येतं, जरा मोठ्यानं बोल.

प्लंबरचा नंबर सोबत पाठवतेय, माझं नाव सांगितलंस तर तो वेळेवर येईल, निदान त्याच दिवशी येईल. भावाला आज रात्रीच फोन लाव, त्याच्याकडे तेव्हा सकाळ असते. आणि शेअर सर्टिफिकेट सापडलं की त्याचा दोन्ही बाजूंचा फोटो मला पाठव, मागच्या बाजूला हस्तांतरणाच्या नोंदी असतात, त्या मला बघायच्या आहेत.

तुझी,
काकू