ग्रहणात भाजी चिरल्यामुळे बाळाचा ओठ फाटतो का? वहिनीच्या पहिल्या बाळाला आहे, दुसऱ्यालाही होईल का?

नाही फाटत. वहिनीला तसं ऐकवणाऱ्यांना माझ्याकडे तासगावला पाठवा.

३१ जानेवारी २०१८ ला खग्रास चंद्रग्रहण होतं, चंद्र उगवला तोच ग्रासलेला. मला सातवा महिना. द्राक्षं उतरायला माणसं आलेली, चौदा जणांचा स्वयंपाक. वांगी कोण चिरणार? मी चिरली. एप्रिलात मुलगा झाला, वरचा ओठ नाकापर्यंत दुभंगलेला. सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्याच. बारशाला आलेल्या प्रत्येकीला तिनं त्या वांग्यांची गोष्ट सांगितली.

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटात बाळाचा ओठ सहाव्या-सातव्या आठवड्यातच जुळतो. म्हणजे मी विळीवर बसले त्याच्या चार महिने आधीच काय व्हायचं ते होऊन गेलेलं! मग त्यांनी दोन्ही घरांची वंशावळ विचारली. मला आजोबांचा फोटो आठवला. झुपकेदार मिशी, आणि तिच्याखाली ओठाला खाच. आजोबा म्हणजे आत्याचे वडील. "त्यांना लहानपणी विळा लागला होता," आत्या म्हणाली. माझे वडील म्हणाले, आई सांगायची, जन्मतःच होती. आता आजोबा माझेही तेवढेच, म्हणजे खोट माझ्या माहेरातही आलीच. पण वांगी तरी सुटली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं: घरात बाकी कुणाला नसेल आणि बाळाला दुसरं व्यंग नसेल, तर पुढच्याला होण्याची शक्यता शंभरात तीन ते पाच. घरात आणखी कुणाला असेल तर जास्त. बाळाच्या किंवा आईबापांच्या खालच्या ओठावर दोन बारीक खड्डे आहेत का बघा. असतील तर आयआरएफ-६ या जनुकातला दोष असू शकतो. तो २००२ मध्ये सापडला, आणि आईबापांपैकी एकात तो असेल तर पुढच्या बाळात तो उतरण्याची शक्यता थेट शंभरात पन्नास. तेव्हा तपासणीला पैसे घालण्यात अर्थ आहे. नाहीतर आधी वंशावळ नीट काढा, ती फुकट असते. म्हाताऱ्यांना एकेकटं गाठून विचारा, चारचौघांत कुणी खरं सांगत नाही. मिशीवाल्यांचे जुने फोटो काढून बघा.

आणि हो, सगळं जनुकांवरही ढकलू नका. एकसारख्या जुळ्यांतही कधी एकाला असतं, दुसऱ्याला नसतं. वहिनीला फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोला, मनानं बंद करू नका.