करंगळी बधिर आहे पण दुखत नाही, म्हणून थांबायचं का?

तुम्ही लिहिलंय की काही आठवड्यांपासून डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर वाटतं, दुखत मात्र नाही, घरचे बी-१२ घे म्हणतात, तर डॉक्टरकडे कधी जावं? "दुखत मात्र नाही" एवढं वाचलं आणि लिहायला बसले. दुखत नाही ना, मग राहू दे, हेच माझ्या आईला घरच्यांनी ऐकवलं होतं.

अंगठा आणि त्याच्या बाजूच्या बोटांत मुंग्या येऊन रात्री जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर बहुतेक वेळा मनगटात नस दबलेली असते. करंगळीकडचं बधिरपण कोपरातल्या नसेचं. कोपर कशावर आपटलं की झिणझिण्या येतात, तीच ती नस. मानेतूनही येतं. शुगरचं सहसा पायांपासून सुरू होतं. बी-१२ ची कमतरता आपल्याकडे खरंच असते, शाकाहारी लोकांत आणि वर्षानुवर्षं शुगरची मेटफॉर्मिन गोळी घेणाऱ्यांत जास्त. पण रक्त तपासण्याआधीच इंजेक्शनं टोचून घेतली तर रिपोर्ट चांगला येतो आणि कारण सापडत नाही. हे इतरांनी सांगितलंच असेल. मी कुष्ठरोगाबद्दल सांगते, कारण ते नाव कोणी घेणार नाही.

आई सावजी भोजनालयांना आणि लग्नाच्या ऑर्डरींना लंबी रोटी करून द्यायची. नागपूरच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते: सैल कणीक परातीत आपटून आपटून लवचीक करायची, तळहातावरून पार कोपरापर्यंत लांबवायची आणि चुलीवर उपड्या ठेवलेल्या मडक्यावर टाकायची. या कामात चटका रोजचाच. नवीन बाई हाय हाय करते, जुनी बाई करत नाही. त्यामुळे आईला चटके कळेनासे झाले तेव्हा कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट तीच कौतुकानं सांगायची, "आता हात पक्का झाला माहा." एकदा करंगळीच्या खाली फोड येऊन फुटला तरी ती कणीक आपटतच होती. कणकेवर रक्त दिसलं तेव्हा तिला कळलं. मी त्याच दिवशी म्हटलं, दाखवायला जाऊ. मोठे मामाजी, म्हणजे आईचे भाऊ, म्हणाले, "वाताचं हाय, तेल चोळ. कायले मोठ्या डॉक्टरकडे नेतं?"

तेल चोळलं. मग एका खासगी दवाखान्यात मानेचा पट्टा मिळाला आणि बी-१२ च्या इंजेक्शनांचा कोर्स झाला. तिथे कोणी आईला बाही वर करायला सांगितलं नाही. बाही वर केली असती तर दंडाच्या मागे फिकट डाग दिसला असता, त्यावर लव नव्हती, घामही येत नव्हता. तो डाग शेवटी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग ओपीडीत एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाहिला. आईला डोळे मिटायला लावून पेनाच्या टोकानं डागावर टेकवलं, कुठे लागतं ते बोटानं दाखवायला सांगितलं. आईला काहीच दाखवता येईना. मग कोपराच्या मागे बोटानं चाचपडून नस पाहिली, ती जाड झाली होती. दोन बोटांत कागद धरायला दिला आणि ओढला, तर तो अलगद निघून आला. यातल्या कशालाही मशीन लागलं नाही, पैसे लागले नाहीत.

औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने घ्यायचं, महिन्यातला एक डोस कर्मचाऱ्यासमोर गिळायचा, बाकीचं पाकीट घरी न्यायचं. त्या डोसनंतर लघवी लाल होते, ते त्यातल्या रिफाम्पिसिन या औषधामुळे, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. क्लोफाझिमिन हे दुसरं औषध मिळत असेल तर कातडी काळवंडते, शेजारी विचारतात, पुढे हळूहळू उतरते. औषध सुरू झालं की थोड्याच दिवसांत माणसाकडून लागण होणं थांबतं. आधीही हा रोग शिवल्यानं किंवा हातचं खाल्ल्यानं पसरत नाही, उपचार न घेतलेल्या माणसाच्या फार दिवसांच्या जवळच्या सहवासानं पसरतो, आणि बहुतेकांच्या शरीरात त्याच्याशी लढायची ताकद जन्मतःच असते.

हे मामाजींना मी समजावलं. ते म्हणाले, "आपल्या खानदानीत असं कोणाले झालं नाही." खानदानीचा प्रश्नच नाही, हा जंतूचा रोग आहे. नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सननं तो जंतू १८७३ मध्ये पाहिला. मग म्हणाले, बाहेर सांगू नका, पोरींची लग्नं व्हायचीत. आमच्याकडे पाणी घेणं बंद केलं. घरच्यांची तपासणी करायला आणि बचावासाठी रिफाम्पिसिनचा एक डोस द्यायला आरोग्य कर्मचारी त्यांच्याकडे गेले, तर दारातूनच परत पाठवले. त्यांच्या नातीच्या लग्नात आईला पत्रिका नाही. ज्या बाईच्या हातच्या रोट्या त्यांच्या घरच्या प्रत्येक कार्यात वाढल्या गेल्या, तिला पत्रिका नाही!

आणि हे विदर्भात. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये कुष्ठरोग्यांचं काम सुरू केलं, वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन उभं आहे, सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत. आपल्या दारात एवढं घडलं, तरी बहिणीच्या हातचं पाणी चालत नाही. कुष्ठरोगाच्या कारणावरून घटस्फोट मागता येतो, ही तरतूदसुद्धा २०१९ मध्ये कायद्यातून काढली. मामाजी अजून तिथेच आहेत. लोक म्हणतात, रोग तर २००५ मध्येच संपला. संपला नाही. दहा हजारांत एकापेक्षा कमी, एवढं देशाचं प्रमाण तेव्हा खाली आलं. आजही भारतात वर्षाला लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात.

आईची दोन बोटं थोडी वाकडीच राहिली. नसेचं नुकसान पहिल्या काही महिन्यांत पकडलं तर स्टेरॉइडनं बरंच भरून येऊ शकतं. तेलात आणि मानेच्या पट्ट्यात तेच महिने गेले. आता मडक्यापाशी माझी वहिनी असते, आई कणीक सांभाळते.

म्हणून, तुम्ही याच आठवड्यात जा. आधी मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांची त्वचारोग ओपीडी, तिथून लागलं तर नसांच्या डॉक्टरकडे पाठवतील. मी डॉक्टर नाही, आणि तुमचं बहुधा कोपराचंच असेल, फोनवर बोलताना तासन्‌तास कोपर टेबलावर टेकत असाल तर नक्कीच आधी तो संशय घ्या. घाबरवायला लिहिलेलं नाही. पण पकड ढिली होत असेल, शर्टाची बटणं लावता येत नसतील, चालताना तोल जात असेल, किंवा दोन्ही पायांतली ताकद जाऊन ते वर चढत असेल, तर आठवडाही थांबू नका. एका बाजूचा हात अचानक बधिर झाला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, तर तो लकवा, लगेच १०८ ला फोन लावा. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून झोपून बघू असं म्हणू नका.

आणि जायच्या आधी बाही वर करून दंड, कोपराची मागची बाजू, पाठ घरातल्या कोणाला तरी उजेडात नीट बघायला सांगा. फिकट किंवा लालसर डाग दिसला तर तो डॉक्टरांना स्वतःहून दाखवा, त्यांनी विचारायची वाट पाहू नका.