जर्मन पात्रांसाठी अस्सल वाटतील अशी आडनावं कशी निवडावीत?

तुमच्या कथेत १९१० सालचं हॅम्बुर्ग आहे, गोदीकामगार 'हूबर' आणि त्याचा मालक 'फॉन श्टाइनबेर्ग'. हे खरं वाटेल का? नाही वाटणार. हूबर बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडचा. गोदीत हान्झन, पेटरझन शोभतील. हान्सचा मुलगा, पेटरचा मुलगा. आणि हॅम्बुर्गच्या बऱ्याच जुन्या व्यापारी घराण्यांना सरदारकीचं 'फॉन' घेणं कमीपणाचं वाटे.

शब्दकोशात अर्थ शोधून आडनाव काढणाऱ्यांशी माझं जुनं भांडण आहे. अर्थ नंतर, आधी मुलूख. गाड्या-चाकं घडवणारा सुतार दक्षिणेत वाग्नर, वायव्येला राडेमाखर, ईशान्येला श्टेलमाखर. लाकडी पिंपं करणारा उत्तरेत आणि पूर्वेत ब्योट्शर, फ्रांकोनियात, म्हणजे आजच्या बव्हेरियाच्या उत्तर भागात, ब्यूटनर, बव्हेरियाच्या दक्षिणेत शेफलर. शिंपी म्हणजे श्नायडर हे सगळ्यांना ठाऊक. उत्तरेतला श्रोडरही मुळात शिंपीच. नैर्ऋत्येकडच्या श्वाबेनमध्ये शेवटी 'ले' येतो: हेबर्ले, एबर्ले. ईशान्येला मेक्लेनबुर्ग-ब्रांडेनबुर्गकडे शेवटी 'ओ': ब्यूलो, फिर्शो. ही मूळची स्लाव्ह वळणाची नावं, रोमन लिपीत शेवटी डब्ल्यू असतो पण उच्चारत नाहीत. 'ब्यूलोव्ह' लिहिलंत की जाणकार पुस्तक मिटतो.

न्यूर्नबेर्गर, बांबेर्गर ही आपल्या 'कर'सारखी. गाव सोडलेल्यालाच गावाचं नाव चिकटतं; खुद्द न्यूर्नबेर्गात सगळेच तिथले, मग कोण कोणाला न्यूर्नबेर्गर म्हणणार?

पडताळायला त्या शहराची त्या काळातली पत्तापुस्तकं चाळा. बरीच स्कॅन करून ठेवलेली आहेत, नावापुढे धंदाही असतो. माइन्त्सच्या अकादमीच्या डिजिटल आडनाव-कोशात प्रसाराचे नकाशे मिळतात, पण ते अलीकडच्या नोंदींवरचे, तेवढं लक्षात ठेवा.

श्मिट, श्नायडर, शुल्त्स, श्रोडर एकाच कथेत कोंबू नका. देवनागरीत चौघेही 'श'ने सुरू होतात आणि तिसऱ्या पानावर वाचक गोंधळतो. 'मायर' या आडनावाची रोमन स्पेलिंगं मात्र प्रदेशागणिक बदलतात, त्यावर रात्री जागवू नका. मराठीत सगळे मायरच.

अपवाद राहिलेच. पश्चिम जर्मनीतल्या रूरच्या कोळसा खाणींत १८७० नंतर पोलिश भाषकांचे लोंढे आले, तिथे कोवाल्स्की अगदी अस्सल जर्मन शेजारी. आणि कथा १९४५ नंतरची असेल तर वरचा मुलुखाचा नियम बराच सैल करा: सायलेशिया, पूर्व प्रशिया या पूर्वेकडच्या मुलखांतून हाकललेली जर्मन कुटुंबं बव्हेरियाच्या खेड्यांपर्यंत पोचली होती.