गाण्याला धावतो, पण हाकेला ओ देत नाही: आधी काय तपासायचं?

तुम्ही विचारलंय की मुलगा सोळा महिन्यांचा आहे, नावाने हाक मारली तर वळून बघत नाही, पण मोबाईलवर गाणं लागलं की आतल्या खोलीतून पळत येतो. सासूबाई म्हणतात, याचा बापही तिसऱ्या वर्षी बोलायला लागला. मग थांबावं का?

थांबू नका. मी पुण्यात ऑडिओलॉजिस्ट आहे, लहान मुलांचे कान तपासणं हेच माझं रोजचं काम. बहुतेक मुलं नऊ महिन्यांच्या आसपास स्वतःच्या नावाला वळून बघायला लागतात आणि वर्षाची होईपर्यंत ते बऱ्यापैकी पक्कं होतं. सोळाव्या महिन्यात ते होत नसेल तर कारण शोधायचं. घाबरायला हवंच असं नाही, पण 'मुलगे उशिराच बोलतात' म्हणून सोडूनही द्यायचं नाही. शिवाय बाबा उशिरा बोलायला लागले असतील, पण हाकेला बघत होते का, हे सासूबाईंना जरूर विचारा. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिला नंबर कानांचा. 'गाण्याला येतो म्हणजे ऐकू येतं' हे अर्धंच खरं. ऐकू येणं म्हणजे सगळं येतं किंवा काहीच येत नाही, असं नसतं. गाण्याचा ठेका जाड आवाजाचा, पण बोलण्यातले स, श, फ हे आवाज बारीक आणि हळू. बारीक आवाजच कमी ऐकू येणारं मूल गाण्यावर नाचतं, दार आपटलं की दचकतं आणि 'सोहम' म्हटलं की ढिम्म बसून राहतं. गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की हमखास ऐकायला मिळतं, 'अहो, ढोलाला किती दचकतो!' ढोल तर छातीत जाणवतो, त्याला कान लागत नाहीत. पाठीमागे ताट वाजवून बघणं तसंच. आवाज एवढा मोठा असतो की मध्यम दोष असलेलं मूलही वळतं, आणि कधी कधी आजीची सावलीच दिसलेली असते.

दुसरी शक्यता कानाच्या पडद्यामागे पाणी साचण्याची. सर्दी वारंवार होणाऱ्या मुलांत हे खूप दिसतं. दुखत नाही, कानातून काही येत नाही, फक्त ऐकू कमी येतं, आणि तेही कमी-जास्त होत राहतं. म्हणून घरचे म्हणतात, 'मनात असलं तर ऐकतो.' टिंपॅनोमेट्री नावाची दोन-चार मिनिटांची तपासणी हे सांगते. बऱ्याचदा पाणी आपोआप ओसरतं, पण डॉक्टरांची नजर हवी.

जन्मानंतर हॉस्पिटलमध्ये कानाची चाचणी पास झाली होती, तरी पुन्हा करा. काही मुलांची श्रवणशक्ती नंतर कमी होते. बाळ काचेत होतं, कावीळ फार वाढली होती, मेंदूज्वर झाला होता किंवा नात्यात लग्न आहे, तर हे पहिल्याच भेटीत सांगा.

या वयात बहुतेकदा ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी चाचणी) आणि बेरा करतात. बेरात कपाळावर आणि कानांमागे छोटे इलेक्ट्रोड चिकटवतात, कानात टिक-टिक आवाज देतात आणि नसेकडून मेंदूपर्यंत संदेश पोचतोय का ते मशिन टिपतं. सुई वगैरे काही नाही. अडचण एकच, मूल गाढ झोपलेलं लागतं. म्हणून सकाळी लवकर उठवून, दुपारची झोप न देता आणा असं सांगतात. आणि हडपसरहून निघालेलं बाळ स्वारगेट यायच्या आत रिक्षात झोपतं, आमच्या दारात टक्क जागं होतं! तेव्हा बरोबर एक माणूस असा आणा, ज्याचं काम फक्त त्याला वाटेत जागं ठेवणं.

कान उत्तम निघाले तर प्रश्न मिटला असं समजू नका. हाकेला न बघणं हे ऑटिझमच्या (स्वमग्नतेच्या) सुरुवातीच्या खुणांपैकी एक आहे. एकट्या या खुणेवरून कोणी निदान करत नाही, बाकीचंही बघावं लागतं. बाहेर बसलेली मुलं मी खेळताना बघत असते. एक मूल गाडी ढकलतं आणि लगेच आईकडे बघतं, 'बघितलंस ना?' दुसरं गाडी उलटी करून चाक फिरवत राहतं, आई शेजारी आहे की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. घरी हेच बघा: पंखा, कुत्रा, विमान बोटाने दाखवतो का? दाखवून तुमच्या तोंडाकडे बघतो का? टाटा करतो का? आधी येणारे शब्द किंवा हावभाव गेले असतील तर या आठवड्यातच डॉक्टर गाठा.

ऑटिझमची शक्यता चाचपणारी एम-चॅट नावाची, पालकांनी भरायची वीस प्रश्नांची यादी सोळा ते तीस महिन्यांच्या मुलांसाठीच आहे, त्यात हाकेचाही प्रश्न आहे. तीन किंवा जास्त गुण आले तर पुढे चौकशी करायची. तेही निदान नव्हे. लस देणाऱ्या बालरोगतज्ज्ञांकडेच ती भरून मागा. पुढे रास्ता पेठेतल्या केईएमच्या बालविकास केंद्रात किंवा धनकवडीला भारती विद्यापीठाच्या ऑडिओलॉजी विभागात विचारता येईल. खर्चाची काळजी असेल तर अंगणवाडीत किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाबद्दल विचारा. २०१३ पासून चालू असलेल्या या सरकारी योजनेत जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत असतात.

मोबाईलबद्दल माझं स्पष्ट मत: बंद करा. दोन वर्षांखाली व्हिडिओ कॉल सोडून स्क्रीन नको, असं भारतातले बालरोगतज्ज्ञही सांगतात. मात्र 'मोबाईलमुळेच झालंय, बंद केला की सुधारेल' म्हणत तीन महिने तपासणी पुढे ढकलू नका. दोन्ही एकदम चालू दे.

घरी बघायचं असेल तर टीव्ही बंद, मूल साध्याशा खेळात, तुम्ही मागून बाजूला चार-पाच फुटांवर. नेहमीच्या आवाजात नाव एकदाच घ्या आणि मनात पाच आकडे मोजा. 'इकडे बघ', चुटकी, टाळी काही नाही. आणि नाव म्हणजे तो घरात जे जास्त ऐकतो ते. बारशाला ठेवलं एक, आजी म्हणते सोन्या, बाबा म्हणतात पिल्लू, असं असेल तर सगळ्यांनी मिळून एकच धरा. उगाच दिवसभर त्याचं नाव घेत राहू नका, पंख्याच्या आवाजासारखं ते मग ऐकूच येईनासं होतं. नाव घेतलं की पुढे काहीतरी त्याच्या आवडीचं घडू दे: उचलून घेणं, फुगा, बिस्किट. 'नको', 'सोड', 'दे इकडे' यांना नाव जोडू नका.

तपासणीला जाताना घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ न्या, हाक मारतानाचे आणि एकटा खेळतानाचे. सासूबाईंनाही बरोबर न्या. दिवसभर तो त्यांच्याजवळ असेल तर त्या वीस प्रश्नांपैकी निम्म्यांची उत्तरं तुमच्यापेक्षा त्यांनाच नीट देता येतील.