आखाजीनंतरची (अक्षय्य तृतीयेनंतरची) पालेभाजी : परसबागेची प्रश्नोत्तरे

मार्च संपता संपता प्रश्नांचा सूर बदलतो. हिवाळ्यात सगळे विचारतात किडीबद्दल, आता सगळे विचारतात उन्हाबद्दल. या वेळी आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त पालेभाजीचेच आहेत, म्हणून बाकीचे पुढच्या वेळी.

प्रश्न : आम्ही भुसावळला राहतो. मागच्या अंगणात दोन वाफे आहेत. मार्चच्या शेवटी पालक, मेथी आणि कोथिंबीर टाकली. कोथिंबीर उगवलीच नाही, मेथी बोटभर होऊन पिवळी पडली आणि पालकाने चार पानांवरच दांडा धरला. बी खराब होतं की आमचं काही चुकलं? बाजारातली भाजी दुपारपर्यंत सुकून जाते, म्हणून घरची हवी आहे.

उत्तर : बी बहुधा चांगलंच असेल. ही तिन्ही थंडीची पिकं आहेत आणि तुम्ही ती भुसावळच्या उन्हात टाकलीत. हवेचं तापमान 43-44 अंश असतं तेव्हा उघड्या काळ्या मातीचा वरचा थर 50 च्या पुढे सहज जातो. कोथिंबिरीचं बी तिथे रुजणार कसं? मेथीची कोवळी मुळं वरच्या दोन-तीन इंचांतच असतात, ती आधी भाजतात. पालकाचं कारण थोडं वेगळं. दिवस लांबला आणि ऊन वाढलं की पालक पानं सोडून फुलाच्या मागे लागतो. एकदा दांडा धरला की खत घाला, पाणी घाला, पान मोठं होत नाही. तरी आपला देशी पालक बिटाच्या कुळातला आहे, म्हणून मार्च निघतो. परदेशी स्पिनॅचच्या पाकिटाच्या नादी लागला असाल तर तेवढाही निघणार नाही.

आता करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे: शेडनेट, फवारे, थंड पाणी यांवर खर्च करून मे महिन्यात पालक पिकवण्यापेक्षा भाजी बदला. पोकळा, तांदुळजा, लाल माठ, हिरवा राजगिरा ही सगळी एकाच कुळातली मंडळी आहेत आणि त्यांना ऊन मानवतं. ज्वारी-मक्यासारखीच कडक उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करण्याची सोय या झाडांमध्ये असते. तापमान 30-35 अंशांवर गेलं की पालक थकतो आणि पोकळा तेव्हाच जोर धरतो. खानदेशात उन्हाळाभर पोकळ्याच्या जुड्या बाजारात दिसतात त्या उगीच नाहीत.

पेरताना मात्र घाई नको. वाफा आदल्या संध्याकाळी भरपूर भिजवा. सकाळी वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की वरचे दोन इंच मोकळे करून शेणखत मिसळा. खत पूर्ण कुजलेलं, काळं, वास नसलेलं हवं. ताज्या शेणाने मुळं जळतात. पोकळ्याचं बी खसखशीएवढं असतं, नुसतं फेकलं की एका जागी पन्नास आणि पुढे काहीच नाही. म्हणून मूठभर बारीक कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडा. वर मातीचा थर अगदी पातळ, बी झाकेल इतकाच. खोल गेलेलं बी वर येत नाही. मग वाफ्यावर ओलं गोणपाट पसरा आणि त्यावरूनच झारीने पाणी द्या. मुंग्या बी पळवतात, म्हणून वाफ्याभोवती राखेची रेघ ओढा.

गोणपाट तिसऱ्या दिवसापासून रोज उचलून बघायचं. पांढरे कोंब दिसले की त्याच संध्याकाळी गोणपाट काढून टाका. सकाळपर्यंत थांबलात तर कोंब लांबडे, पिवळे होतात आणि पहिल्या उन्हातच आडवे पडतात. बहुतेकांचा वाफा इथेच फसतो आणि दोष बियाला जातो.

रोपं चार-पाच बोटं झाली की विरळणी करा. उपटलेली कोवळी रोपं मुळं कापून तव्यावर लसूण-मिरचीत परता, तीच पहिली भाजी. नंतर साधारण महिन्याने जमिनीपासून तीन बोटं ठेवून कापणी. उपटू नका. खालच्या डोळ्यांतून पुन्हा फुटवे येतात आणि दोन-तीन कापण्या आरामात मिळतात. दर पंधरा दिवसांनी एक ओळ नवी टाकत गेलात तर मिरगाचा पाऊस येईपर्यंत खंड पडत नाही. बी विकत घेणार असाल तर पुसा कीर्ती हा उन्हाळ्यासाठीचा वाण आहे. गावातल्या कुणाकडे घरचं पोकळ्याचं बी असेल तर मी आधी तेच घेईन.

मेथी खायचीच असेल तर घरात, खिडकीशी, पसरट ताटलीत मेथीदाणा दाट पेरा आणि बोटभर झाली की कात्रीने कापा. कोथिंबिरीसाठी ऑक्टोबरची वाट बघा. तोवर पुदिना लावा, तो अर्धवट सावलीत टिकतो.

प्रश्न : अमळनेरहून लिहिते आहे. राजगिरा छान उगवला, पण दुपारी बारानंतर सगळी पानं माना टाकतात. मी दिवसातून तीन वेळा पाणी देते. आता खालची पानं पिवळी पडू लागली आहेत. ताई, अजून पाणी वाढवू का?

उत्तर : वाढवू नका, कमी करा. दुपारी पान लोंबतं ते दर वेळी तहानेने नाही. मुळं जेवढं पाणी ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी झळांमुळे पानांतून उडतं, मग झाड पानं खाली सोडून उन्हाला कमी अंग दाखवतं. संध्याकाळी सहा-सातला तीच पानं ताठ उभी दिसली तर झाड ठणठणीत आहे. सकाळी उठल्यावरही लोंबलेली दिसली तरच काळजी करा.

दुपारी बघून पाणी घालण्याची सवय मोडायची तर बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसा. बोटाला ओल लागली तर झारी ठेवून द्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते. वरून भेगा पडलेल्या दिसतात आणि चार बोटांखाली चिखल असतो. त्या चिखलात मुळांना हवा मिळत नाही, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. पहाटे किंवा सकाळी एकदाच, पण मुळापर्यंत पोचेल असं द्या. आणि नळीतलं पाणी आधी बाजूला सोडा. उन्हात पडलेल्या काळ्या नळीतली पहिली बादली हाताला चटका देते, ती झाडाच्या बुडात ओतू नका.

पाण्यापेक्षा महत्त्वाचं आच्छादन. गव्हाची मळणी नुकतीच झाली आहे, भुसा कुणीही देईल. ओळींच्या मधे तो दोन बोटं जाड पसरा. यावल-रावेरकडचे असाल तर केळीची वाळलेली पानं फाडून टाका. बुडाला मात्र चिकटवू नका, तिथे थोडी जागा मोकळी ठेवा.

प्रश्न : धुळ्यात दुसऱ्या मजल्यावर गच्ची आहे. काळ्या पिशव्या आणि प्लॅस्टिकच्या कुंड्या आहेत. दुकानदार 75 टक्क्यांची शेडनेट घ्या म्हणतो. घेऊ का?

उत्तर : 50 टक्क्यांची घ्या. 75 टक्के ऊन अडवणाऱ्या जाळीखाली पालेभाजी उजेडासाठी ताणते, देठ लांब आणि पान फिकं, पातळ होतं. जाळी डोक्याच्या वर, सहा-सात फुटांवर बांधा आणि पश्चिमेच्या बाजूने खाली आणा, कारण छळतं ते दुपारनंतरचं ऊन. पूर्व मोकळी राहू द्या. दोऱ्या पक्क्या बांधा. मे-जूनमध्ये वळवाच्या आधी जे वारं सुटतं ते केळीच्या बागा आडव्या करतं, तुमची जाळी किस झाड की पत्ती!

जाळीच्या आधी पिशव्यांचं बघा. काळी पिशवी तापलेल्या स्लॅबवर ठेवली की मुळं दोन्ही बाजूंनी शेकतात. पिशव्यांना बाहेरून चुना फासा, खाली दोन विटा किंवा फळीचा तुकडा द्या आणि सगळ्या एकमेकींना चिकटवून ठेवा, म्हणजे मधल्यांना आपोआप सावली मिळते. कुंडीतली माती लवकर सुकते, त्यामुळे अमळनेरच्या ताईंना सांगितलेलं एक वेळचं पाणी तुम्हाला पुरणार नाही. संध्याकाळी बोट घालून बघा आणि लागलं तर द्या.

प्रश्न : शहाद्याजवळच्या गावी घर आहे, कुंपणाला जागा भरपूर. वेलीची पालेभाजी कोणती लावू? आणि अंबाडी आत्ता टाकली तर चालते का? घरचे म्हणतात ती पावसाळ्यातच टाकायची.

उत्तर : वेलीत मायाळू. बी रात्रभर भिजवून लावा, नाहीतर कुणाकडून वीतभर कांडी आणून दोन डोळे मातीत जातील अशी खोचा. कांडी लवकर लागते. आधाराला कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या करा, विकतच्या जाळीची गरज नाही. वेल हातभर झाला की शेंडा खुडा, म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतात. मायाळूला ऊन चालतं पण कोरडेपणा चालत नाही. ओल तुटली की पान जाड, चिवट होतं. सकाळचं ऊन आणि दुपारनंतर भिंतीची सावली अशी जागा असेल तर उत्तम. पानं भज्यांना, डाळीत, कशातही चालतात. थोडी बुळबुळ असते, ती ज्यांना नको त्यांनी भजीच करावीत.

अंबाडीबद्दल घरच्यांचं बरोबर आहे, पण ते शेतातल्या अंबाडीबद्दल. तिथे बोंडं आणि वाख (दोरासाठीचा धागा) बघायचे असतात. आपल्याला हवा पाला. अंबाडी दिवस लहान व्हायला लागल्यावर फुलावर येते. म्हणजे आत्ता टाकलेली पावसाळाभर पानंच देत राहील. पाणी असेल तर बेलाशक टाका, फक्त शेंडे खुडत राहा. उकडून, पिळून, ज्वारीची कणी आणि वरून लसणाची फोडणी, सोबत कळण्याची भाकरी. हे तुम्हाला मी काय सांगायचं!

प्रश्न : पाचोरा. लाल माठाच्या पानांवर बारीक पिवळसर ठिपके आहेत आणि खालून जाळं दिसतं. कोणतं औषध मारू?

उत्तर : पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ती कोळी नावाची बारीक कीड, उन्हाळ्यातला नेहमीचा पाहुणा. महिन्याभराच्या पालेभाजीवर औषध मारून ती खायची, हे मला पटत नाही. सगळा माठ तीन बोटांवर कापा, पाला बागेबाहेर टाका, नवा फुटवा येऊ द्या. पुढे रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारा, कोळ्याला ओल सोसत नाही. फारच झालं तर लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण, तेही संध्याकाळीच. भर उन्हात मारलेलं तेल पानं जाळतं.

प्रश्न : जळगावला आमच्या अंगणात फरशीच्या फटीतून घोळ येते. आई ती तोडून भाजी करते. मला भीती वाटते. खायला सुरक्षित आहे का?

उत्तर : आईचं बरोबर आहे. घोळीइतकी उन्हाला न बधणारी भाजी दुसरी नाही. पाणी तुटलं तरी जाड पानांतल्या ओलीवर तग धरते. फक्त ओळख पक्की हवी. घोळीसारखंच जमिनीवर पसरणारं दुधी नावाचं तण असतं, ते खाऊ नका. देठ मोडून बघायचा. घोळीचा देठ गुळगुळीत, लालसर, रसाने भरलेला असतो आणि मोडल्यावर साधं पाणी येतं. पांढरा चीक आला तर ती घोळ नाही. फरशीजवळ तणनाशक किंवा सांडपाणी जात असेल तर तिथलीही नको. एक देठ कुंडीत खोचा, आठवड्यात लागतो.

घोळ, पालक आणि राजगिरा या तिन्हींत ऑक्झॅलेट बरंच असतं. घरात कुणाला मुतखड्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा. बाकीच्यांनी भाजी उकळून पाणी टाकून दिलं की बरंच कमी होतं.

प्रश्न : कूलरचं आणि आरओचं वाया जाणारं पाणी भाजीला घातलं तर चालेल का? (चाळीसगाव)

उत्तर : नको. कूलरमधून उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच साचत जातात. आरओच्या टाकाऊ पाण्याचंही तेच. कुंडीच्या मातीवर पांढरी खपली दिसायला लागली असेल तर ती खरवडून काढा आणि चांगलं पाणी खालच्या भोकातून वाहून जाईपर्यंत दोन-तीनदा द्या. एसीचं पाणी मात्र बिनधास्त घाला. तांदूळ आणि डाळ धुतलेलंही चालतं, मीठ पडलेलं नाही ना एवढं बघा.