केस जी कामे करीत होते, त्यांविषयी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्या आईचा फोन आला, तेव्हा तू बेळगावला कॉलेजला जायचे थांबवले आहेस हे कळले. डोक्यावरच्या केसांमागोमाग भुवया आणि पापण्याही गेल्या हे सांगताना तिचा गळा दाटून आला होता. लोक काय म्हणतील, पुढे लग्नाचे कसे होईल, यावर बोलणारी माणसे तुझ्या घरात पुष्कळ आहेत, म्हणून त्यात मी पडत नाही. माझे केस गेले तेव्हा जे मला कोणी सांगितले नाही, ते तुला लिहिते आहे. केस शोभेपेक्षा कामासाठी अधिक असतात, आणि ते गेले की त्यांची कामे आपल्याला स्वतः करावी लागतात.

आधी आजाराविषयी थोडे. आपल्याकडे याला चाई म्हणतात, वैद्य इंद्रलुप्त म्हणतात आणि त्वचारोगतज्ज्ञ अ‍ॅलोपेशिया एरियाटा म्हणतात. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच केसांच्या मुळांवर चालून जाते. यात कीड नसते, संसर्ग नसतो, आणि कोणाची दृष्टही लागलेली नसते. मुळे नष्ट होत नाहीत, म्हणून केस कित्येक वर्षांनीही परत येऊ शकतात, बऱ्याचदा आधी पांढरे, आणि आलेले पुन्हा जाऊही शकतात. मला ३१ व्या वर्षी कानामागे रुपयाएवढी चाई पडली आणि आठ महिन्यांत अंगावर एकही केस उरला नाही. त्या काळात शेजारणीच्या सांगण्यावरून मी ठेचलेला लसूण चोळला. त्या जागी पाण्याचे फोड आले, आणि त्यांचा वण आजही बोटाला लागतो. तू असले काही लावून घेऊ नकोस.

सर्वांत जास्त हैराण मला नाकाने केले. नाकातले केस धूळ अडवतात आणि ओल धरून ठेवतात, हे मी वर्गात शिकवीत आले होते, पण त्याचा अर्थ मला सहामाहीच्या वह्या तपासताना कळला. मान खाली होती, सर्दी नव्हती, आणि काहीही जाणवण्याआधीच नाकातून पाण्याचा थेंब एका मुलीच्या निबंधावर पडून निळी शाई पसरली. तेव्हापासून कमरेला रुमाल खोचल्याशिवाय मी घराबाहेर पडलेले नाही. निपाणीत तंबाखूच्या वखारींवरून जाताना तर शिंकांनी जीव नकोसा होई, कारण ती बारीक भुकटी थेट आत जाते. थंडीत नाक आतून कोरडे पडून रक्तही येई. त्यावर दोन गोष्टींचा मला उपयोग झाला. धुळीत मास्क लावायचा, आणि रात्री नाकपुडीच्या अगदी कडेला व्हॅसलीनचे पातळ बोट फिरवायचे. खूप आत नाही आणि जाडसर नाही. तुमच्याकडे उसाचा हंगाम सुरू झाला की फडातल्या पाचटाची धूळ उडते, तेव्हा मास्क विसरू नकोस.

डोळ्यांचेही तसेच आहे. भुवया कपाळावरचा घाम बाजूला वळवतात, पापण्या धूळ आणि वारा अडवतात. आता घाम सरळ डोळ्यांत उतरेल आणि मिठामुळे चुरचुरेल. बेळगावला स्कूटरवर जाताना चेहऱ्याला नीट बसणारा, बाजूंनी झाकणारा साध्या काचेचा चष्मा घाल आणि हेल्मेटच्या आत सुती टोपी घाल. ती घाम टिपते, शिवाय केस नसल्यामुळे सैल झालेले हेल्मेट डोक्यावर पक्के बसते. तरीही ते हलत असेल तर लहान मापाचे घे. डोळे सारखे लाल होत असतील, तर कोरडेपणावरचे थेंब नेत्रतज्ज्ञांना विचारूनच घे. डोक्याची कातडी उन्हाने फार लवकर भाजते, म्हणून टोपी हवीच. मी डोक्यावर पदर घेते. ती आपली जुनी रीत माझ्या कामी आली. खानापूरकडच्या जुन्या घरांच्या चौकटी बुटक्या असतात, तिथे वाकून जात जा, कारण केसांची गादी नसलेल्या डोक्याला छोटा टोलाही चांगलाच लागतो.

तुझी नखे उजेडात तिरपी धरून पाहा. सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर घाबरू नकोस, कारण ती याच आजाराची खूण आहे, पण डॉक्टरांना ती जरूर दाखव. एका डॉक्टरांनी मला हा सगळा दिसण्याचा प्रश्न आहे असे सांगून परत पाठवले होते, आणि मी मुकाट्याने परत आले, याचे मला आजही वाईट वाटते. तू तसे करू नकोस. नाक, डोळे, नखे यांचे जे होते आहे ते कागदावर लिहून ने आणि थायरॉइडची तपासणी करायची का, हेही विचार. या आजारासोबत थायरॉइडचा त्रास पुष्कळदा आढळतो. बॅरिसिटिनिब या औषधाला अमेरिकेत २०२२ मध्ये या आजाराच्या गंभीर रुग्णांसाठी मान्यता मिळाली, आणि रिटलेसिटिनिबला २०२३ मध्ये, तीही १२ वर्षांपासून पुढच्यांसाठी. ही औषधे रोगप्रतिकारक शक्ती दाबतात, म्हणून आधी क्षयाची आणि रक्ताची तपासणी करावी लागते, आणि औषध थांबवल्यावर केस पुन्हा गळू शकतात. दुकानातून स्टेरॉइडच्या गोळ्या परस्पर आणून महिनोन्‌महिने खाणे मात्र साखर आणि हाडे दोन्ही बिघडवते.

रस्त्यात कोणी तरी तिरुपतीला जाऊन आलास काय म्हणून विचारील. मी आजार सांगते आणि पुढे चालते. तुला सांगावेसे वाटले नाही, तर हो म्हटलेस तरी कोणाचे काही बिघडत नाही.

चैत्रात तुम्ही जोतिबाला जाता, यंदाही जा. सासनकाठ्या नाचतात तिथे गुलाल हवेत तरंगत राहतो आणि पापणीवाचून तो सगळा बुबुळावर बसतो. तेव्हा चष्मा आणि मास्क डोंगर चढण्याआधीच लाव, आणि डोळ्यांत काही गेलेच तर न चोळता पाण्याची बाटली काढून धू. सोमवारी कॉलेजला गेलास की संध्याकाळी मला फोन कर, हेल्मेट नीट बसले का तेवढेच सांग.

तुझ्या निपाणीच्या बाई